लियन-को यांची खरी तक्रार

आमच्या पिनांग बेटावर अन्नाला कोणी चांगलं म्हणत नाही. म्हणायला बंदी आहे असं नव्हे, पण तशी रीत नाही. एखादा पदार्थ इतका जमून यावा की खाणाऱ्याला आपली मयत आजी आठवावी, तर तो तोंड पुसतो आणि म्हणतो, "खाता येतं." याच्या वर पायरी नाही. एखादा "वा, काय सुंदर!" वगैरे म्हणालाच, तर तो क्वालालंपूरहून आलेला असतो, नाहीतर त्याला दुकानदाराच्या मुलीसाठी आपल्या भाच्याचं स्थळ सुचवायचं असतं. अशा दोघांनाही आम्ही सरकून बसायला जागा देतो आणि त्यांचं बोलणं मनावर घेत नाही.

खॉ फैक लियन या या परंपरेतल्या सर्वांत मोठ्या विदुषी. त्यांना सगळी गल्ली लियन-को म्हणते. को म्हणजे आत्या. लग्न न केलेल्या बाईला आमच्याकडे अख्ख्या गल्लीची आत्या करून टाकतात. लियन-को यांनी हे पद सगळ्या अधिकारांसकट स्वीकारलं आणि त्यातला एकही अधिकार कधी गंजू दिला नाही.

रोज सकाळी, कॉफीच्या दुकानाच्या पायरीवर ऊन चढायच्या बेताला, त्या रुमालात गुंडाळलेलं बदकाचं अंडं घेऊन येत. कोपऱ्यातल्या गाडीच्या कडेवर ते ठेवत आणि पंख्याखालच्या संगमरवरी टेबलाशी जाऊन बसत. आपलं अंडं आपण आणायचं ही जुनी पद्धत. हल्ली लोक विसरले, गाडीवाल्याच्या कोंबडीच्या अंड्यावर भागवतात. लियन-को यांचा कोंबडीवर विश्वास नव्हता. अंडं ठेवलं की ऑर्डर झाली. मग दुकानाचा मालक, म्हणजे आमचा ताउके फू, न विचारता काळी कॉफी आणून आदळायचा, आणि गाडीवर येप किम स्वी कढईखालचा कोळसा सळईने जागा करायचा.

किम स्वीचं कुए तियाव म्हणजे तांदळाच्या रुंद पट्ट्या, एका वेळी एकच थाळी परतलेल्या. डुकराच्या चरबीत लसूण, मग कोळंबी, मग पट्ट्या, वरून सोयाचा शिडकावा, मिरचीची चटणी, मुगाचे लांब मोड, लसणीची पात, बाजूला जागा करून फोडलेलं अंडं, आणि अगदी शेवटी, कढई उतरता उतरता, रक्ताळलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. थाळीवर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर हा ढीग. एका वेळी एकच थाळी म्हटल्यावर पुढे रांग लागते. रांगेत लोक एकमेकांना दुसऱ्या गाड्यांचे दोष सांगत उभे राहतात. वेळ बरा जातो.

लियन-को थाळी संपवत, खायच्या काड्या थाळीवर आडव्या ठेवत, आणि निकाल देत.

"आ-स्वी, आज तिसऱ्या झोपेतच होत्या. तू त्यांना उठवलंच नाहीस."

"को, त्या झोपेतच बऱ्या लागतात."

"तुला बऱ्या लागत असतील. तुझ्या आईच्या हाताखाली तिसऱ्या दचकून उठायच्या."

किंवा: "मोड रडवेले झालेत." किंवा: "सोया घातलास की बाटली नुसती दाखवलीस?" एकदा वैतागून किम स्वी म्हणाला, "मग समोरच्या गाडीवर जात जा ना, को. तुला इथे कोणी बांधून ठेवलंय?"

"समोरच्याकडे?" लियन-को म्हणाल्या. "त्याचं खाल्लं तर तक्रार कुठून सुरू करायची तेच कळत नाही. माझं वय झालं, बाबा. एवढं काम झेपत नाही आता."

किम स्वी त्या दिवशी दुपारपर्यंत शीळ घालत होता.

त्यांचं आयुष्य थोडक्यात सांगता येईल, कारण त्या स्वतः ते थोडक्यातच सांगत. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. कानाला यंत्र लावून, भोकात वायरी खुपसत, बेटावरच्या माणसाला पलीकडच्या माणसाशी जोडून द्यायचं. कंटाळा आला की बाकीच्या मुली लाइन मोकळी असतानाही "लाइन नाही" म्हणून टाकायच्या. लियन-को यांनी तसं एकदाही केलं नाही. त्यामुळे आपल्याला बढती मिळाली नाही, असं त्यांचं मत. स्वभावामुळे मिळाली नाही, असं इतरांचं. दोन मतांत मला फारसा फरक दिसत नाही.

लग्नाचा योग एकदा आला होता. तायपिंगचा एक सज्जन गृहस्थ, रबराच्या कंपनीत हिशेबनीस. समुद्राकाठी फिरताना त्याने विचारलं, मी तुला आवडतो का? लियन-को म्हणाल्या, "आवडतोस. पण चप्पल घासत चालतोस." तो तायपिंगला परत गेला आणि तिथलीच एक मुलगी करून मोकळा झाला. "अजून तसाच चालतो म्हणे," असं त्या सांगत. आवाजात खंत नाही, फक्त नोंद.

निवृत्तीनंतर त्या राहत होत्या त्याच घरात राहिल्या. खाली मेलेल्यांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंचं दुकान: कागदी बंगले, कागदी मोटारी, कागदी नोकरचाकर. तिथेही एकदा उतरून त्यांनी दुकानदाराला सांगितलं होतं की या मोटारीला स्टिअरिंग नाही. दुकानदार म्हणाला, को, मेलेला माणूस कशाला चालवतोय? लियन-को म्हणाल्या, "मग काय ढकलणार आहे?" तेव्हापासून तिथल्या मोटारींना स्टिअरिंग असतं. आमच्या गल्लीतले पूर्वज त्यांचे किती आभारी असतील याची कल्पनाच केलेली बरी.

त्या वर्षी पावसाळी तापाची साथ आली आणि किम स्वीचं अख्खं घर आडवं झालं. गाडी बंद राहिली. उठला तेव्हा किम स्वीच्या अंगात पहिल्यासारखा जोर होता, भूक होती, नाक मात्र गेलं होतं. म्हणजे होतं जागच्या जागी, पण वास येत नव्हता.

हे त्याच्या बायकोला, सुआनला, कळलं ते डुरियन या उग्र वासाच्या फळामुळे. तिच्या भावाने डोंगरापलीकडून फळं आणली आणि किम स्वीच्या पाठीमागे बसून एक फोडलं. शेजाऱ्यांनी खिडक्यांतून माना काढल्या. किम स्वी वर्तमानपत्र वाचत राहिला आणि पान उलटून म्हणाला, "काय खाताय?" सुआन स्वयंपाकघरात जाऊन रडली. डुरियनचा वास ज्याला येत नाही, त्याचा एकतर जीव गेलेला असतो, नाहीतर नाक.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार. डॉक्टरांचंही बरोबर होतं. पण इथे अडचण अशी की किम स्वी नाकाने परतायचा. हात कढईत, मान मागे वळलेली, तोंड गिऱ्हाइकाशी भांडत. पट्ट्यांना आग लागून कोळशाचा, सोयाचा आणि लोखंडाचा मिळून एक वास उठतो, त्याला आमच्याकडे कढईचा श्वास म्हणतात. तो नाकाशी आला की किम स्वीचा हात आपोआप कढई उचलायचा. बघायचा नाही. चाखायचा तर मुळीच नाही. जन्मभर त्याने स्वतःचं कुए तियाव धड खाल्लेलं नव्हतं. भूक लागली की समोरच्याकडून भात-कोंबडी मागवायचा.

गाडी पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच थाळीत आम्हाला कळलं. पट्ट्यांच्या कडा काळ्या, चव कडू. पुढची थाळी उलटी: किम स्वीने घाबरून लवकर उतरवली, सोया कच्चा, पट्ट्या ओल्या फडक्यासारख्या. दोन थाळ्यांतली एकही त्याची नव्हती.

ताउके फूने आम्हाला सगळी हकिगत कुजबुजत सांगितली. किम स्वी स्वतः कोणाला बोलला नव्हता. सुआन ताउकेला बोलली होती, कारण ताउकेकडून भाड्याने घेतलेल्या गाडीच्या कोपऱ्याचा प्रश्न होता. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ सम्राट-देवांचे नऊ दिवस येतात. तेव्हा सगळी गल्ली शाकाहारी होते, आणि चरबीत मुरलेली किम स्वीची कढई दरवर्षी बंदच असते. त्या दिवसांनंतर कोपरा ठेवायचा की सोडायचा, ते कळव, असं ताउकेने त्याला सांगितलं होतं. सूप-शेवयावाला एक जण जागेसाठी थांबला होता. किम स्वी सुआनला म्हणाला होता, "मला आता कळत नाही. लोक सांगतील. जमत नसेल तर सणाला चूल विझेल ती कायमची. कडू घोट पाजायला मी काय औषधवाला आहे?" पुतण्याच्या वाहनतळावर रखवालदाराची जागा होती. खुर्ची, छत्री आणि शिट्टी.

लोक सांगतील, असं त्याने म्हटलं होतं. इथे आम्ही लोकांनी काय केलं ते सांगितलं पाहिजे. कोणी कोणाला न विचारता आम्ही सगळे एकदम दयाळू झालो. जन्मात कधी जमलं नव्हतं ते जमलं. सोनाराने काळ्या पट्ट्या गिळल्या आणि अंगठा वर केला. पोस्टातला बाबू म्हणाला, "अप्रतिम!" मीही म्हणालो, "फार छान, स्वी." ताउके फू गेल्या वीस वर्षांत किम स्वीशी फक्त धुराबद्दल बोलला होता. तो स्वतः थाळी घेऊन बसला, संपवली आणि म्हणाला, "काय चव आहे!"

प्रत्येक स्तुतीबरोबर किम स्वीचा चेहरा उतरत गेला. त्याने दुसऱ्या आठवड्यात शीळ घालणं सोडलं. तिसऱ्यात भांडणं सोडलं. आम्ही आपसांत म्हणायचो, बिचारा फार खचलाय, अजून जरा चांगलं बोललं पाहिजे.

पुढे त्यानेच मला सांगितलं. "पहिल्यांदा तू 'छान' म्हणालास तेव्हा वाटलं, झोप नीट झाली नसेल तुझी. मग सोनार म्हणाला. मग ताउके. आपल्याकडे गोड कोणाबद्दल बोलतात? मेलेल्याबद्दल. मला वाटायला लागलं, मी तापातच गेलो, आणि तुम्ही सगळे फोटोपुढे उभे राहून बोलताय."

"मग आम्हाला का नाही विचारलंस?"

"विचारलं ना! म्हटलं, काय कमी आहे? तू म्हणालास, काही नाही. जेवणात काही कमी नाही असं म्हणणाऱ्या माणसाला पुढे काय विचारायचं?"

त्याला त्या दिवसांत एकच आशा होती. लियन-को साथीच्या आधीच इपोहला बहिणीकडे दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या होत्या. किम स्वी रोज सुआनला म्हणायचा, "को येऊ दे. ती आली की कळेल." सुआनला तीच भीती होती.

त्या आल्या त्या सकाळी आम्ही त्यांना दुकानाच्या बाहेरच गाठलं. काळा चष्मा, हातात रुमाल, रुमालात अंडं. ताउके, सुआन आणि मी. सुआनने त्यांचा हातच धरला आणि सगळं सांगितलं: ताप, नाक, डुरियन, कोपरा, शिट्टी.

लियन-को यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चव कशी आहे?"

"वाईट," ताउके म्हणाला. "फार वाईट. पण तू बोलू नकोस, लियन. तुझं एक वाक्य आणि तो चूल विझवेल."

"मग काय म्हणू?"

"आम्ही छान म्हणतो."

"त्याला? तोंडावर?" लियन-को यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना आम्ही स्पष्ट दिसत असणार आणि जे दिसलं ते त्यांना पसंत पडलं नसावं. "गाढवांनो, एवढ्यानेच मेला असेल तो."

मला एक तोडगा सुचला. मी म्हणालो, "को, तुम्ही छान म्हणू नका. तुम्ही आपली नेहमीसारखी तक्रार करा. मोड रडवेले आहेत, तिसऱ्या झोपेत आहेत, असं काहीतरी. म्हणजे त्याला वाटेल सगळं पूर्वीसारखं चाललंय."

लियन-को यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. नंतर अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे खोटी तक्रार करू?"

"त्याच्या भल्यासाठी."

"मी आयुष्यात एकदाही खोटी तक्रार केलेली नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हा लोकांना काय वाटत होतं, मी एवढी वर्षं गंमत करत होते?"

मला वाटतं, गल्लीतल्या प्रत्येकाला तसंच वाटत होतं. त्या एका क्षणी आम्हाला कळलं की त्या दिवशी तिसऱ्या खरोखरच झोपेत होत्या, मोड खरोखरच रडवेले होते, आणि कागदी मोटार खरोखरच चालवता येण्याजोगी नव्हती.

त्या आत गेल्या. अंडं कडेवर ठेवलं. किम स्वीने ते बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि सळई उचलली. कोळसा जागा केला. दुकानात सगळ्यांच्या काड्या थांबल्या. त्याचा हात पूर्वीसारखाच फिरत होता, एवढंच की आता त्याची मान वळलेली नव्हती. तो कढईत डोळे खुपसून उभा होता, स्टेशनवर पाहुण्याची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

थाळी आली. लियन-को यांनी खाल्ली. थाळीत काही टाकायचं नाही हा त्यांचा नियम. तो त्यांनी त्या दिवशीही पाळला, पण वेळ लागला. काड्या आडव्या ठेवल्या, उठल्या आणि गाडीपाशी गेल्या.

"आ-स्वी, हे जळलंय."

सुआनने डोळे मिटले. ताउकेने कपाट पुसायला घेतलं.

किम स्वी म्हणाला, "किती?"

"कडा गेल्यात. मधलं वाचलंय. पण मधलंही कडेकडे बघून घाबरलंय. सोया करपलाय, मिठाचा खडा चोखल्यासारखं लागतं. माझं अंडं, ते बदकिणीने काही मेहनतीने घातलं असेल, त्याचं तू चामडं केलंस. कोळंबी रबराची. तायपिंगला पाठवून दे, तिथे रबराची कंपनी आहे."

"आणि?"

"आणि काय? एवढं पुरे नाही?"

"को," किम स्वी म्हणाला, "आणखी सांग. दोन महिने झाले, मला कोणी काही सांगितलेलं नाही."

आम्ही दुसरीकडे बघू लागलो. बघायला भिंतीवर एक दिनदर्शिका होती.

लियन-को यांनी स्टूल ओढलं आणि चुलीपाशीच बसल्या. "दुसरी कर," त्या म्हणाल्या. रांगेतल्या लोकांनी, ज्यांना एरवी कोणी एक पाऊल पुढे गेलं तर खपत नाही, एक शब्द काढला नाही. दुसरी थाळी कच्ची निघाली. तसं त्यांनी सांगितलं. तिसरी पुन्हा जळाली. जन्मभर दिवसाला एकच थाळी खाणाऱ्या त्या बाईने त्या सकाळी किती थाळ्यांचे घास घेतले, ते त्यांच्या पोटालाच माहीत. रांगेतल्या आम्ही उरलेलं वाटून खाल्लं, आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोललो: "हे फार ओलं." "हे करपलं." "हे मगासच्यापेक्षा बरं." किम स्वी प्रत्येकाकडे असा बघत होता, जणू आम्ही त्याला परदेशातून खुशाली कळवत होतो.

शेवटी लियन-को म्हणाल्या, "तुझा हात ठीक आहे. तू वासाची वाट बघत थांबतोस, आणि तो काही येत नाही, म्हणून जळतं. मग जळण्याच्या भीतीने आधीच उतरवतोस, म्हणून कच्चं राहतं. आता त्याची वाट बघणं सोड."

"मग कशाची बघू?"

त्या जरा वेळ मान तिरकी करून बसल्या. "पुन्हा घाल," म्हणाल्या. किम स्वीने पट्ट्या टाकल्या, सोया शिंपडला. लियन-को यांनी डोळे मिटले आणि एक बोट वर केलं, एक्स्चेंजमध्ये गोंगाट वाढला की करत असतील तसं. "आधी चुरचुरतं. मग गप्प होतं. मग पुन्हा बोलायला लागतं, पण कोरड्या आवाजात, वाळक्या पानांवर कोणी चालल्यासारखं. वास त्याच वेळी येतो, आ-स्वी. आत्ता आला. तू ऐकलंस?"

"नाही."

"मग ऐकायला शीक. माझे कान एका सकाळीत तयार झाले नव्हते."

तेवढ्यात सण आला. गल्लीत पिवळी निशाणं लागली, ताउकेने दूध घातलेली कॉफीही बंद केली, किम स्वीची गाडी ताडपत्रीखाली गेली. पण कोपऱ्याचं उत्तर द्यायचं होतं आणि दिवस नऊच होते. लियन-को कडक व्रत करणाऱ्या. मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही, लसूण आणि पातही नाही. सुआन म्हणाली, मग सराव कशाचा करणार?

"तांदळाच्या पट्ट्या आहेत," लियन-को म्हणाल्या. "सोया आहे. आग आहे. बाकीच्या गोष्टी लपायला असतात."

सुआनने नवीकोरी कढई आणली, साध्या तेलात ती काळी होईपर्यंत तापवली, आणि किम स्वीच्या घरामागच्या अंगणात रोज सकाळी शाळा भरू लागली. मी खुर्च्या लागतात म्हणून जायचो. दोन खुर्च्या उचलायला माणूस लागतो, असं मी घरी सांगितलं होतं. लियन-को भिंतीकडे तोंड करून बसत, म्हणजे डोळ्यांची मदत नको. कढईचा श्वास उठला की म्हणत, "आता." किम स्वी त्या क्षणीचा आवाज कानात धरायचा. परत पट्ट्या, परत सोया, परत "आता." उरलेलं आम्ही खायचो. अंडं नाही, लसूण नाही, तिसऱ्या नाहीत: तांदूळ आणि धूर. मला ते व्रत फार सोपं गेलं.

मधल्या एका दिवशी किम स्वी चिडला. झारा आपटून म्हणाला, "को, तू मेलीस तर मी काय करू? तुझं नाक उसनं घेऊन किती दिवस जगायचं?"

"म्हणून तर कान शिकवतेय," त्या म्हणाल्या, मागे न वळता. "नाक माझ्याबरोबर जाईल. पट्ट्या टाक."

आठव्या की नवव्या दिवशी, पिवळ्या निशाणांची मिरवणूक समुद्राकडे निघायच्या आधी, किम स्वीने सोया शिंपडला आणि मान वळवली. सरावात पहिल्यांदाच. तो कढईकडे बघत नव्हता. सुआनकडे बघत होता, तिने वाळत घातलेल्या कपड्यांकडे, कुंपणावरच्या मांजराकडे. कढई चुरचुरली, गप्प झाली, मग कोरड्या आवाजात पुन्हा बोलू लागली.

"आता," किम स्वी म्हणाला, आणि उतरवली.

लियन-को काही बोलल्या नव्हत्या. त्यांचं तोंड उघडलं होतं, शब्द बाहेर पडायचा राहिला होता. त्यांनी तोंड मिटलं, रुमाल काढून नवीन डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अर्धा श्वास लवकर."

किम स्वीने खाली बसून त्यांच्या पायाला हात लावला नाही, कारण आमच्यात तसं करत नाहीत. त्याने त्यांच्यासाठी गरम पाण्याचा पेला भरला, दोन्ही हातांनी दिला, आणि तिथेच उभा राहिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी खुर्च्या उचलल्या.

सण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीवरची ताडपत्री निघाली. रांग पायरीखाली गेली होती. चरबी पुन्हा कढईत पडली तेव्हा रांगेतून एक सामुदायिक निःश्वास आला, त्याचा नऊ सम्राटांनी राग मानला नसेल अशी आशा आहे. किम स्वी कान देऊन परतत होता. पूर्वीसारखं अगदी नव्हतं. पूर्वीच्या थाळीत एक बेफिकिरी होती, ती गेली होती. तिच्या जागी काहीतरी सावध, जपून केलेलं आलं होतं. मला ते पूर्वीपेक्षा आवडलं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पण रांगेने ठरवलं होतं. दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं त्या सकाळी बाहेर आलं. सोनार म्हणाला, मिरची कमी. पोस्टाचा बाबू म्हणाला, कोळंबी लाजतेय. एका बाईने अप्रतिम म्हटलं, ती पाण्यापलीकडच्या बटरवर्थहून आलेली निघाली. तिला बसायला जागा दिली. किम स्वी घामाने निथळत, धुरात, एकेकाला उलट उत्तर देत होता. "लाजतेय? तुझं तोंड बघून लाजतेय!" सुआन थाळ्या पुसता पुसता हसत होती आणि हसता हसता थांबून पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावत होती.

गर्दी ओसरल्यावर ताउके फू कप गोळा करत कोपऱ्याशी आला. "सूपवाला विचारतोय, कोपरा सुटतोय का," म्हणाला.

किम स्वी कोळसा विझवत होता. "ताउके, वर धूर काढायचा मोठा, बिनआवाजी पंखा लावून घेणार आहे मी. पुढच्या आठवड्यात माणूस येईल. छत जरा कापावं लागेल."

ताउकेने छताकडे बघितलं. "छत माझ्या बापाच्या वेळचं आहे," तो म्हणाला. "आणि विजेचं बिल तुझं."

"माझं."

"आणि कापताना माझ्या कपांवर भुसा पडता कामा नये."

"नाही पडणार."

ताउके कप घेऊन आत गेला. आत त्याने ते सगळे एकदम मोरीत टाकले आणि नळ सोडला, आणि त्या पाण्याच्या आवाजात तो जे काही चांगलं बोलला असेल ते आम्हाला ऐकू आलं नाही. अजून पंख्याखालच्या टेबलाशी बसलेल्या लियन-को यांना आलं असावं, पण त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.